२००८ ची ८०० सीसी पेट्रोल गाडी : साडेसोळाचं ॲव्हरेज ११.६ वर आलंय, शोध कुठून सुरू करू?

अहमदपूरचे विज्ञान शिक्षक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी ८०० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, फ्युएल इंजेक्शनवाली, एमएच २४ पासिंग. मीटरवर १,३८,००० किलोमीटर. वडील तलाठी होते. निवृत्तीच्या पैशातून २००८ ला घेतलेली ही त्यांची पहिली आणि एकच गाडी. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुनर्नोंदणी करून पुढची पाच वर्षं मिळवली आहेत, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका. ही गाडी आमच्या घरातून जाणार नाही.

आता त्रास सांगतो. वडिलांनी पहिल्या दिवसापासून लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही ठेवली आहे. तारीख, मीटर, लिटर, रक्कम. दर वेळी टाकी फुल्ल, नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं, वरून एक थेंब नाही. पंपही ठरलेला. डोळ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं थांबलं तसं मीही तेच चालू ठेवलंय. त्यामुळे खालचे आकडे अंदाजाचे नाहीत:

२०१९ पर्यंत १७ ते १८. २०२३ ला १६.८. मे २०२४ पर्यंत साडेसोळा. मग जुलै २०२४ ला १४.२, डिसेंबर २०२४ ला १२.९, मे २०२५ ला १४.१ आणि आता डिसेंबर २०२५ ला ११.६.

रोज शाळेला २२ किलोमीटर जाणं, २२ येणं. निम्मा रस्ता नांदेड-लातूर हायवे, निम्मा गावचा. महिन्याला हजार-साडेदहाशे किलोमीटर होतात. साडेसोळाच्या हिशोबानं ६४ लिटर लागायचं, आता ९१ लागतं. १०५ रुपये भाव धरला तर महिन्याला २,८०० रुपये जास्तीचे जातात.

आजवर केलेलं : एका गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलले. जुने तिन्ही प्लग काजळीनं काळे होते. नवेही दोन महिन्यांत तसेच काळे झाले. दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ केले, फरक नाही. मग तिथे म्हणाले की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय, चौदा हजार लागतील. तिथून मी गाडी परत आणली.

टायरमध्ये ३० हवा, दर पंधरा दिवसांनी बघतो. गळती कुठे नाही. पेट्रोलचा वास सायलेन्सरला येतो, टाकीजवळ येत नाही. कूलिंग एकदम चांगलं आहे, भर उन्हाळ्यातसुद्धा टेंपरेचरचा काटा खालच्या रेघेच्या जरा वर असतो, गाडी कधी गरम होत नाही. पिकअप ठीक. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते.

चौदा हजार टाकण्याआधी अनुभवी माणसांचं मत हवंय.


जालन्याहून एक वाचक

सर, यात शोधायचं काही नाही. इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागलं तेव्हापासून सगळ्यांचीच ही रड आहे. माझी गाडी २०११ ची, तिचंही ॲव्हरेज पडलंय. जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत. काहीही बदललं तरी हाच आकडा येणार, उगाच गॅरेजवाल्यांचं घर भरू नका.


उदगीरचा ड्रायव्हर

सर, मला बी असाच ताप झालता. टॅक्सी होती, डिझेल. समदं बदललं, शेवटी मागचं चाक जाम निघालं. तुमी असं करा. शाळेला पोचल्यावर गाडी ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या, आन् खाली उतरून चारी चाकांच्या मधल्या भागाला उलटा हात लावून बघा. तळहात लावू नका, भाजतं. एखादं चाक बाकीच्यापेक्षा लई गरम लागलं तर तिथं ब्रेक धरायलाय. पेट्रोल निस्तं ब्रेक तापवण्यात चाललंय म्हणून समजा. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून एका माणसानं ढकलून बघा, आठशेची गाडी एका माणसानं हालली पायजे.


छत्रपती संभाजीनगरहून, ऑटोमोबाईल शिकणारा

ऑक्सिजन सेन्सर बघा सर. सायलेन्सरच्या तोंडाशी असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो ईसीएमला सांगतो आणि त्यावर पेट्रोल कमी-जास्त होतं. तो सुस्त झाला की हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जात राहतं, प्लग काळे पडतात. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो हजाराच्या आत, तो लावून बघा.

आणि एअर फिल्टरवर फार आशा ठेवू नका. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरनं ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर ईसीएम पेट्रोलही कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये हे मोजून दाखवलंय : पिकअप कमी होतं, ॲव्हरेजला फरक पडत नाही. आपल्याकडची धूळ बघता इंजिनसाठी फिल्टर बदलायचाच, तो मुद्दा वेगळा.


नांदेडचे जुने मिस्त्री

गुरुजी, नमस्कार. मी नांदेडला चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतका नीट हिशोब घेऊन माझ्याकडे फार कमी गिऱ्हाइकं आली. बहुतेक जण म्हणतात "पूर्वी वीस द्यायची", आणि पूर्वी म्हणजे कधी, कसं मोजलं, याचा पत्ता नसतो.

आधी इथेनॉलचं बोलतो, कारण त्यात खरंही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के तूट येते. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट वीसवर आलो नाही. २०२२ लाच देशभर दहा टक्क्यांचं मिश्रण झालं होतं. म्हणजे तुमच्या साडेसोळाच्या आकड्यात अर्धी तूट आधीच धरलेली आहे. उरलेली साडेतीन टक्के काढा : साडेसोळाचे १५.९ होतील. ११.६ नाही होणार. जालन्याचे भाऊ म्हणतात तो चोर आहे, पण त्यानं नेलेला माल थोडा आहे. मोठा दरोडा दुसऱ्यानं घातलाय.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघा. डिसेंबर २०२४ ला १२.९, पाच महिन्यांनी मेमध्ये १४.१, परत डिसेंबरात ११.६. मे महिन्यात तुम्ही एसी लावत असणार, आपल्याकडे लावल्याशिवाय भागतच नाही. एसीनं ॲव्हरेज पडतं. मग उन्हाळ्यात आकडा खाली आणि हिवाळ्यात वर हवा. तुमचा उलटा आहे. इथेनॉलला ऊन-थंडी कळत नाही. ऑक्सिजन सेन्सर खराब असता तर बाराही महिने खराब असता. ही गाडी थंडीला घाबरते आहे.

आणि तुम्ही जे कौतुकानं लिहिलंय ना, काटा खालच्या रेघेच्या जरा वर असतो, गाडी कधी गरम होत नाही, तेच मला खटकलं. चांगल्या गाडीचा काटा पाच-सात किलोमीटरमध्ये मधोमध येऊन बसला पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. बाहेर ४३ डिग्री असो की १३, इंजिनच्या आतल्या पाण्याला ८० ते ९० अंश लागतात. ते राखायला थर्मोस्टॅट वाल्व्ह असतो. पाणी ८२ अंशांच्या आसपास जाईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, मग उघडतो.

आपल्या मराठवाड्यात एक जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी उकळली की मिस्त्री तो वाल्व्ह काढून फेकून देतो. गाडी थंड पडते, गिऱ्हाईक खूश. मीही कार्बोरेटरच्या जमान्यात शेकडो काढले असतील, आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक हातानं ओढायचा होता, इंजिन चालू झालं की आपण तो आत ढकलायचो, म्हणून नुकसान कमी व्हायचं. इंजेक्शनच्या गाडीत चोक ईसीएमच्या हातात आहे. पाणी किती तापलंय ते तो एका सेन्सरवरून बघतो. पाणी ५५-६० वरच राहिलं तर त्याला वाटतं इंजिन अजून सकाळचंच आहे, आणि तो चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल देत राहतो. तुमचा प्रवास २२ किलोमीटरचा. तेवढ्यात थंडीच्या दिवसांत वाल्व्ह नसलेलं इंजिन तापतच नाही. म्हणून प्लग काळे, म्हणून सायलेन्सरला वास.

पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी करा.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चालू करा आणि रेडिएटरला जाणारा वरचा रबरी पाईप धरून बसा. पंख्यापासून हात लांब ठेवा. वाल्व्ह असेल तर पाईप बराच वेळ गारच राहील आणि मग एकदम चटका बसेल इतका तापेल. नसेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जाईल.

दुसरं, शाळेला पोचता पोचता हीटर पूर्ण गरमवर लावा. लातूर-नांदेडकडे कुणी हीटर लावत नाही, म्हणून हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. हवा कोमट आली तर समजून घ्या.

तिसरं, ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल लगेच बदला, नाहीतर सिलिंडर घासले जातील. ॲव्हरेजपेक्षा ते महाग पडेल.

संभाजीनगरच्या मुलाला सांगतो, बाळा, सेन्सरचं तू बरोबर बोललास, काळे प्लग बघून मीही आधी तिकडेच गेलो असतो. पण ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर जोडून ईसीएमचे दोष वाचायची सोय, आपल्याकडे २०१३ पासून सक्तीची झाली. २००८ च्या गाडीशी ते ब्लूटूथचं यंत्र बहुतेक वेळा बोलतच नाही. हिला हात, नाक आणि मल्टिमीटर लागतो.

आणि गुरुजी, वडील तलाठी होते म्हणता. तलाठ्याच्या वहीत शेऱ्याचा रकाना नसेल असं होत नाही. मे-जून २०२४ ला गाडीचं काय काम झालं ते तिथे बघा.


अहमदपूरचे विज्ञान शिक्षक

मिस्त्री काका, तुमचं वाचून मी रात्रीच वही काढली. मी दीड वर्ष त्या वहीचे फक्त उजव्या बाजूचे आकडे बघत होतो. वडिलांनी मागच्या पानांपासून उलटीकडून शेरे लिहिले आहेत, तलाठी दप्तरात वेगळं पुस्तक असावं तसे. २६ मे २०२४ ची नोंद जशीच्या तशी देतो : "लातूर रोडवर गाडी उकळली. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढला. मजुरी रु. २५०. गाडी आता थंड राहते."

तेव्हा वडीलच गाडी घेऊन गेले होते, मी निवडणुकीच्या कामातून नुकताच सुटलो होतो. त्यांनी घरी येऊन सांगितलंही होतं, की गाडी आता झकास थंड चालते. मी ऐकून सोडून दिलं.

सकाळी पाईप धरून बसलो. थंडी चांगली होती, हाताला कळत होतं. एका मिनिटात किंचित ऊब, चार मिनिटांत कोमट, बारा मिनिटांनीही हात ठेवता येत होता. एकदम चटका वगैरे काही नाही. हीटरची हवा कोमटसुद्धा म्हणवत नाही. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आहे, घरच्यांनाही दाखवला, सगळ्यांना आला.

उदगीरच्या दादांची चाचणीही केली. मागचं उजवं चाक बाकीच्या तिघांपेक्षा स्पष्ट गरम. मागच्या पानांवरच सापडलं : ऑगस्ट २०२५, मागचे ब्रेक शू बदलले. म्हणजे दोन आजार आहेत का?

आणखी एक. थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडाच्या आत पांढरट-तपकिरी खडबडीत थर आहे, आंघोळीच्या पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर धरतो तसाच. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. वडिलांना विचारलं. म्हणाले, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती त्या वर्षी बाटलीबंद पाणी गाडीला घालायची लाज वाटायची, म्हणून शेतातल्या बोअरचं घालायला लागलो, आणि पुढे तीच सवय पडली. कूलंट आठ-नऊ वर्षांत घातलेलं नाही. मी रसायनाच्या तासाला कठीण पाणी आणि कॅल्शियम कार्बोनेट शिकवतो, पण गाडीचं झाकण उघडून कधी बघितलं नव्हतं.


नांदेडचे जुने मिस्त्री

हो, दोन आजार. तुमचे आकडेच सांगतात. दोन्ही डिसेंबर थंडच होते, मग १२.९ चं ११.६ का झालं? मधे ऑगस्टात ब्रेकची भर पडली.

आता घाई करू नका. नुसता वाल्व्ह आणून बसवलात तर मार्चमध्ये गाडी परत उकळेल आणि हेड गॅस्केट जाईल. २०२४ ला ती उकळली ती वाल्व्हमुळेच असं नाही. बोअरच्या क्षारानं रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजल्या असणार. मूळ दुखणं ते. वाल्व्ह काढून त्या मिस्त्रीनं ताप उतरवला, रोग तसाच ठेवला. पितळी रेडिएटर असता तर सळई मारून साफ झाला असता, तुमचा ॲल्युमिनियमचा आहे, त्यात सळई चालत नाही. एवढा थर असेल तर नवाच टाका. ब्लॉकमधलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. बोअरच्या पाण्याचा पेलासुद्धा नाही.

टेंपरेचर सेन्सर त्याच वेळी काढून मल्टिमीटरनं बघा. साध्या गार पाण्यात, २० अंशांच्या आसपास, दोन-अडीच हजार ओहम दाखवील. ८० अंशांच्या पाण्यात तीनशेच्या जवळ यायला हवा. तसा आला तर सेन्सर चांगला, ईसीएमही बहुधा चांगलाच. चौदा हजार वाचले.

वाल्व्ह विकत घेतला की बसवण्याआधी तपासा, नवीनसुद्धा अडकलेला निघतो. त्याच्या तोंडात दोरा चिमटीत पकडल्यासारखा अडकवा आणि पातेल्यात पाण्यात लोंबकळत सोडा. उघडला की दोरा सुटून तो खाली पडेल. तुमच्या प्रयोगशाळेत तापमापक असेलच.

आणि एका वेळी एकच काम. मग एक टाकी. मग दुसरं काम. दोन्ही एकदम केलंत तर कशानं किती फरक पडला ते कधीच कळणार नाही.


बीडहून एक ताई

मिस्त्री काका, मधेच विचारते, माफ करा. आमच्याकडे उन्हाळ्यात ४३-४४ असतं. आमच्या मिस्त्रीनंही तो वाल्व्ह काढून टाकलाय आणि म्हणतो की आपल्या भागात त्याची गरजच नाही, तो थंड प्रदेशासाठी असतो. खरं आहे का हे? गाडी २०१२ ची पेट्रोल.


नांदेडचे जुने मिस्त्री

ताई, खरं नाही. उघडा वाल्व्ह पाण्याला अडवत नाही. गाडी पूर्ण तापली की तो पूर्ण उघडतो आणि रेडिएटर सगळं काम करतो. वाल्व्ह चांगला असूनही उकळत असेल तर दोष पाणी, रेडिएटर, पंखा, झाकण किंवा वॉटर पंपात आहे. पंखा चालू होतो का तेवढं आधी बघा, बऱ्याचदा रिलेच गेलेला असतो. आणि झाकणाचा रबर कडक झालाय का बघा, शंभर-सव्वाशेची वस्तू आहे. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, वाफेनं तोंड भाजलेली माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत.


अहमदपूरचे विज्ञान शिक्षक

पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण काकांनी सांगितलं तसं एका वेळी एकच काम केलं.

पहिलं काम कूलिंगचं. लातूरहून रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, कूलंट आणलं. जुना रेडिएटर काढल्यावर मिस्त्रीनं वरून पाणी ओतून दाखवलं. एका बाजूनं पाणी सरळ येतं, दुसऱ्या बाजूनं नुसता पाझर. निम्म्याच्या वर नळ्या बंद होत्या. सेन्सर मल्टिमीटरवर बरोबर आला. गार पाण्यात २,४०० च्या आसपास, गरम पाण्यात ३२० वर.

वाल्व्हची चाचणी घरी केली. आईनं एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं, ते गॅसवर ठेवलं. वाल्व्हच्या तोंडात दोरा अडकवून पळीला बांधला आणि पळी पातेल्यावर आडवी टाकली. वाल्व्ह तळापासून दोन बोटं वर. शाळेतला ११० अंशांचा तापमापक हातात धरून मी मोठ्यानं आकडे वाचत होतो. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना अजून नीट दिसत नाही, पण वही मांडीवर होती. साठ, सत्तर, पंचाहत्तर. ऐंशीला पाण्यात बारीक बुडबुडे यायला लागले. ८१ म्हणालो आणि पातेल्याच्या तळाला टक् असा आवाज आला. माझं लक्ष तापमापकाकडं होतं, आवाज वडिलांनी आधी ऐकला. "पडला," म्हणाले. वाल्व्हवर छाप आहे ८२ चा. आत मेणाची गोळी असते, ती वितळून फुगते आणि दांडा ढकलते. थंड झाल्यावर परत मिटलेला त्यांनी बोटांनी चाचपून बघितला, आणखी दोनदा हीच चाचणी करायला लावली. तिन्ही वेळा एका अंशाच्या आत.

बसवल्यावर पहिल्याच सकाळी काटा सहाव्या किलोमीटरला मधे आला. अठरा वर्षं जुन्या गाडीचा हीटर लावला आणि गरम हवा आली. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. एकदा तासभर हायवेला सलग चालवली, काकांनी फोनवर सांगितलं होतं की सेन्सरवरची काजळी त्यानं बरीच जळून जाते. मग दोन टाक्या मोजल्या : १४.२ आणि १४.५. जानेवारीच्या थंडीत. प्लग काढून बघितले, टोकाला बिस्किटासारखा रंग धरायला लागलाय.

दुसरं काम ब्रेकचं. ड्रम उघडला तर शू नवेच होते, पण उजव्या हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजून अडकली होती. लिव्हर खाली केला तरी शू पूर्ण मागे येत नव्हता. ऑगस्टात शू बदलताना त्या वेळच्या मिस्त्रीनं जुनी केबल तशीच ठेवून ॲडजस्टर घट्ट केला होता. नवी केबल ४५० रुपये. आता माझा आठवीतला मुलगा एकटा गाडी ढकलतो. त्यानंतरच्या दोन टाक्या : १५.५ आणि १५.८.

सगळा खर्च, मजुरी, ऑइल, केबल धरून ६,३०० रुपये. ईसीएमला हात लावला नाही.

जालन्याच्या भाऊंना एक सांगायचंय. तुम्ही म्हणालात ती तूट खरी आहे, माझ्या वहीत ती दिसतेच आहे. साडेसोळा आणि १५.८ यातला फरक मी इथेनॉलच्या आणि गाडीच्या वयाच्या नावावर टाकतो, त्यावर भांडण नाही. पण उरलेले चार किलोमीटर मीही त्याच खात्यात टाकून बसलो असतो. तुमच्या २०११ च्या गाडीचा काटा कुठं असतो तेवढं एकदा बघा.

उदगीरच्या दादांचे आभार कसे मानू कळत नाही, ते चाक मला कधीच सापडलं नसतं.


उदगीरचा ड्रायव्हर

आभार कशाचे सर. केबल बदलली ते बेस केलं. पावसाळ्याआधी आवरणाच्या दोन्ही टोकाला थोडं ग्रीस भरून ठेवा, आन् गाडी रातभर उभी करायची तर सपाटीला हँडब्रेक न लावता गिअरमधी उभी करत जा. उतार असंल तर चाकाला दगड.


जालन्याहून एक वाचक

सर, आज बघितलं. काटा मधे नाही, खालीच असतो. चार वर्षांपूर्वी देऊळगाव राजा रोडला गाडी उकळली होती, तेव्हा काय काढलं ते आता आठवत नाही. उद्या सकाळी पाईप धरून बघतो आणि इथे लिहितो. वही नाहीये माझ्याकडे, ती कालपासून सुरू केली.


अहमदपूरचे विज्ञान शिक्षक

भाऊ, जरूर लिहा. झाकण थंड असतानाच उघडा आणि आत कुठलं पाणी आहे तेही सांगा. रेडिएटर बदलायची वेळ आली तर आधी वरून पाणी ओतून बघा, कदाचित तुमचा चांगला असेल आणि नुसता वाल्व्ह आणि कूलंटवर भागेल.

वडिलांनी काल मला लिहायला बसवलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, मागच्या पानावर, २६ मे २०२४ च्या नोंदीच्या खाली : "थर्मोस्टॅट नवीन बसविला. ८१ अंशास उघडतो, घरी तपासला. बोअरचे पाणी बंद."